उतारवयात परदेशात घर: ठिकाण निवडायचं कसं?

बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार, भालकी या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत आज आई-वडील दोघंच राहतात. मुलगा दुबईत असतो, लेक टेक्सासमध्ये. ‘तिकडेच एखादं लहान घर घेऊ या’ असं कुणीतरी म्हणतं आणि लगेच किमती बघणं सुरू होतं. किंमत शेवटी बघा. माझं ठाम मत असं आहे की ठिकाण एकाच प्रश्नावर ठरवावं: आपल्या दोघांपैकी जो मागे एकटा उरेल, त्याला तिथं राहता येईल का?

आधी एकट्याचा दिवस लिहून काढा

नवरा-बायकोने वेगवेगळ्या कागदांवर लिहावं. जोडीदार नसताना औषधं कोण आणेल, दवाखान्यात कसं जाईन, संध्याकाळी कुणाशी बोलेन? अमेरिकेतल्या बहुतेक उपनगरांत गाडी चालवता येत नसेल तर साधं दूध आणायलाही दुसऱ्यावर अवलंबून राहावं लागतं. मुलाची नोकरी बदलली आणि तो दुसऱ्या शहरात गेला, तर त्या घराचं काय, हेही लिहा. आपल्याकडे बँकेचे आणि सरकारी कागद बहुधा घरातले पुरुष बघतात. या वेळी तसं करू नका. वकिलाशी होणाऱ्या पहिल्या बोलण्यापासून बायको शेजारी बसलेली हवी, कारण पुढे ते घर एकटीने सांभाळायची पाळी बऱ्याचदा तिच्यावर येते.

राहण्याचा परवाना मिळतो का?

घर नावावर असणं वेगळं आणि त्या देशात राहायचा हक्क असणं वेगळं. इथंच सर्वांत जास्त फसगत होते.

अमेरिकेत परदेशी माणसाला घर घेता येतं, पण त्यामुळे व्हिसा मिळत नाही. पर्यटक म्हणून एका वेळी साधारण ६ महिनेच राहता येतं. कॅनडाने परदेशी लोकांच्या घरखरेदीवर १ जानेवारी २०२७ पर्यंत बंदी घातली आहे. मुलाकडे राहायला मात्र तिथला आई-वडिलांसाठीचा सुपर व्हिसा चालतो, म्हणजे घर घ्यायची गरजच उरत नाही. ऑस्ट्रेलियात १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२७ या काळात परदेशी व्यक्तीला जुनं, वापरातलं घर घेता येत नाही. सिंगापुरात परदेशी खरेदीदाराला किमतीच्या ६० टक्के जादा मुद्रांक शुल्क पडतं. पोर्तुगालने घरखरेदीवर निवासपरवाना देणं २०२३ मध्ये थांबवलं, स्पेनने ३ एप्रिल २०२५ पासून. जुनी माहितीपत्रकं अजून फिरत असतील, तारीख बघूनच वाचा. नेपाळ जवळचा वाटतो, पण तिथं भारतीयांना जमीन-घर नावावर करता येत नाही.

आपल्या लोकांना जमण्याजोगे पर्याय मला तीन दिसतात. दुबईत परदेशी व्यक्तीला ठरावीक भागांत पूर्ण मालकीचा फ्लॅट घेता येतो. २० लाख दिरहमच्या मालमत्तेवर १० वर्षांचा गोल्डन व्हिसा मिळतो, आणि ५५ वर्षांवरच्यांसाठी ५ वर्षांचा निवृत्तिव्हिसाही आहे. नोंदणीचं शुल्क ४ टक्के, आणि इमारतीचा देखभालखर्च दरवर्षी वेगळा. थायलंडमध्ये जमीन घेता येत नाही. फ्लॅट घेता येतो, मात्र इमारतीच्या एकूण क्षेत्रफळापैकी ४९ टक्क्यांपर्यंतच परदेशी मालकी चालते. पन्नाशीनंतर ८ लाख बात बँकेत ठेवून निवृत्तिव्हिसा मिळतो.

तिसरा पर्याय मॉरिशस, आणि त्याचा विचार फार कमी लोक करतात. १९ व्या शतकात कोकणातून मजूर म्हणून गेलेल्यांची मराठी वस्ती तिथं आजही आहे, शाळांत मराठी शिकवली जाते, गणेशोत्सव होतो. मंजूर गृहप्रकल्पात ३,७५,००० डॉलरचं घर घेतलं, तर ते आपल्याकडे असेपर्यंत राहायचा परवाना मिळतो. रक्कम मोठी आहे. पण एकट्या उरलेल्या माणसाला आरती ऐकू येणं, शेजारच्या बाईशी दोन मराठी शब्द बोलता येणं, याला मी फार महत्त्व देते.

दवाखाना

मराठा लाइट इन्फंट्रीमुळे आपल्या भागात माजी सैनिक खूप. त्यांनी हे पक्कं ध्यानात ठेवावं की ईसीएचएसचे, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्ययोजनेचे, उपचार दुबई-अमेरिकेत मिळत नाहीत. अमेरिकेत ग्रीन कार्ड असलं, तरी ६५ वर्षं वय आणि सलग ५ वर्षांचं वास्तव्य झाल्याशिवाय मेडिकेअर, म्हणजे तिथला वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, विकतसुद्धा घेता येत नाही. म्हणून घराआधी विमा बघा. साखर, रक्तदाब, जुनी बायपास, सगळं खरं सांगून विमा कंपनीकडून हप्ता लेखी मागवा. सत्तरीनंतर तो किती होईल हेही विचारा. हप्ता झेपत नसेल, तर त्या देशाचा विचार तिथंच थांबवा.

सर्वांत वाईट महिन्यात भाड्याने राहून बघा

दुबई जानेवारीत सगळ्यांनाच आवडते. जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशीपार असतो आणि पायी फिरणं बंद होतं. बेळगावच्या हवेत वाढलेल्या शरीराला हे जड जातं. लंडनला जायचं तर डिसेंबरात, चार वाजता अंधार पडतो तेव्हा जा. मुलाच्या घरी पाहुणे म्हणून राहू नका. वेगळी खोली भाड्याने घ्या, बाजार स्वतः करा, एकदा तरी एकट्याने दवाखान्यात जाऊन या.

पैसा इथून कसा जातो

इथं राहणाऱ्या प्रत्येक व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या नियमाने एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलर बाहेर पाठवता येतात, नवरा-बायको मिळून ५,००,०००. पॅन आणि ए-२ हा पैसे बाहेर पाठवायचा बँकेतला अर्ज लागतो. आपल्याकडे बचत बहुधा सहकारी सोसायटीच्या ठेवीत असते. ती वेळेत मोडून परकीय चलनाचा व्यवहार करणाऱ्या बँकेत आणावी लागते. मुदतीआधी ठेव मोडली तर व्याज कमी मिळतं, म्हणून वर्षभर आधीपासून आखणी करा.

वर्षाला १० लाखांवर जी रक्कम जाते, तिच्यावर बँक २० टक्के कर आगाऊ कापते. एकट्याने १ कोटी पाठवले तर १८ लाख बाजूला ठेवावे लागतात. दोघांनी आपापल्या पैशातून ५०-५० लाख पाठवले तर दोघांचे मिळून १६ लाख. विवरणपत्र भरल्यावर हा कर वळता होतो किंवा परत मिळतो, पण मधले महिने पैसा अडकतो. बिल्डरच्या माणसाने क्रेडिट कार्डावर किंवा ‘आमचा माणूस तिकडे देईल’ अशा मार्गाने पैसे भरायला सांगितलं, तर उठून या. हवाला बेकायदा आहेच, शिवाय पुढे घर विकताना पैसा कुठून आला याचा पुरावा हातात राहत नाही.

इथलं घर विकून तिकडे घेणाऱ्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. राहतं घर विकून दुसरं घेतलं की भांडवली नफ्यावर करसवलत मिळते, पण ते दुसरं घर भारतातच असावं लागतं. परदेशातल्या घराला ती मिळत नाही. आणि आयकराच्या नियमाने भारताचे निवासी असेपर्यंत परदेशातलं घर दरवर्षी विवरणपत्रात दाखवावं लागतं. न दाखवल्यास दंड १० लाख रुपये.

शेत विकायची घाई नको

तिकडचं नागरिकत्व घेतलं की भारताचं जातं, कारण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. त्यानंतर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळणारं) मिळालं तरी भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. पूर्वीची मात्र ठेवता येते. म्हणजे एकदा विकलेलं शेत परत घेता येणार नाही. सामायिक उताऱ्यावरचं नाव, वाटणी, वारसनोंद हे सगळं जाण्याआधी मिटवा, आणि मागे व्यवहार बघणाऱ्याला कुलमुखत्यारपत्र इथल्या उपनोंदणी कार्यालयात करून द्या.

मृत्युपत्र दोन्हीकडे करा

अमेरिकेत न राहणाऱ्या परदेशी माणसाच्या तिथल्या मालमत्तेला वारसाकरातून फक्त ६०,००० डॉलरची सूट आहे. त्यावरच्या रकमेवर कर ४० टक्क्यांपर्यंत जातो. फ्रान्समध्ये मुलांचा वाटा कायद्यानेच राखलेला असतो. दुबईत बिगरमुस्लिमांना तिथल्या डीआयएफसी या आर्थिक केंद्राच्या न्यायालयात मृत्युपत्र नोंदवता येतं, ते घराच्या खरेदीबरोबरच करा.

आपला विवाहदाखला आणि जन्मदाखले बऱ्याचदा कन्नडमध्ये असतात, त्यांवरची नावं पासपोर्टशी जुळत नाहीत. कुठं आडनाव आधी, कुठं वडिलांच्या नावाचं फक्त आद्याक्षर. आधी ही नावं एकसारखी करून घ्या, मग इंग्रजी भाषांतर आणि कागद परदेशात ग्राह्य धरण्यासाठीचा शिक्का: काही देशांना अपोस्टिल चालतं, दुबईसारख्या ठिकाणी दूतावासाचं प्रमाणन लागतं. या कामाला महिने लागतात, म्हणून देश नक्की व्हायच्या आधीच याला हात घाला.