स्कीच्या मोहिमेचा सराव: सॅकमध्ये पाणी भरा, गडावर ओता

गुलमर्ग किंवा औलीकडे गाइडसोबत पाच-सहा दिवसांच्या स्की मोहिमेला जायचं, तर भरलेली सॅक घेऊन तासन्‌तास चढायची सवय लागते. साताऱ्यात बर्फ नाही, पण अजिंक्यतारा आहे. वजन म्हणून सॅकमध्ये विटा, वह्या भरल्या की तेच ओझं उतरतानाही गुडघ्यांवर येतं आणि मोहिमेआधीच गुडघे कुरकुरायला लागतात. त्यापेक्षा पाणी न्या.

१. कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या रिकाम्या बाटल्या भरा. एक लिटर म्हणजे एक किलो, काट्याची गरज नाही.

२. बाटल्या उभ्या, पाठीला चिकटून ठेवा. मोकळ्या जागेत जुनी चादर कोंबा, नाहीतर वजन हिंदकळतं.

३. सुरुवात चार लिटरने. दर आठवड्याला एक बाटली वाढवा, गाइडने सांगितलेल्या सॅकच्या वजनापर्यंत.

४. दोन्ही हातांत काठ्या घेऊनच चढा. स्कीवर चढताना खांदे आणि दंडही राबतात, हे बरेच जण विसरतात.

५. वर पोचल्यावर गडावर लावलेल्या रोपांना पाणी घाला. पावसाळा सरल्यावर त्यांना ते हवंच असतं. रिकाम्या बाटल्या मात्र खाली आणा.

एक लक्षात ठेवा: यातून दम वाढतो, विरळ हवेची सवय होत नाही. गुलमर्गच साधारण २६५० मीटरवर आहे, मोहीम त्याहून वर जाते. तिथे पोचल्यावर गाइड थांबायला सांगेल ते दिवस कापू नका.