आयव्हीएफने दिवस राहिलेत? मग रिस्कचे आकडे असे वाचा

बीटा रिपोर्ट (दिवस राहिलेत का ते सांगणारी रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आला की आनंद दोन दिवस टिकतो आणि तिसऱ्या दिवशी आपण फोन घेऊन बसतो, आयव्हीएफच्या बाळाला रिस्क किती, नॉर्मलपेक्षा किती जास्त वगैरे. वाचा, पण आकडा दिसला की आधी बघा त्यात जुळी धरलीयेत का. पूर्वी दोन-तीन एम्ब्रियो (लॅबमध्ये वाढवलेले गर्भ) सर्रास गर्भाशयात सोडायचे, जुळी-तिळी व्हायची, आणि जुळी म्हटली की ३७ आठवड्यांच्या आत बाळंतपण, अडीच किलोच्या खाली वजन हे आपसूक राहिलेल्या गरोदरपणातही होतंच की. खापर मात्र आयव्हीएफवर. ट्रान्सफर (एम्ब्रियो आत सोडणं) अजून व्हायची असेल तर एकच एम्ब्रियो ठेवायचं का हे डॉक्टरांशी नीट बोला, "एकाच खर्चात दोन" हा हिशोब प्लीज नको.

एकच बाळ असलं तरी थोडा फरक उरतो हे खरंय. लवकर बाळंतपण, बीपी वाढणं, वार (प्लासेंटा) खाली असणं जरा जास्त दिसतं. पण तुलना कोणाशी चाललीय? सहज दिवस राहिलेल्या बाईशी, जिचं वय बहुतेक वेळा कमी आणि जिला मूल राहायला अडचणच नव्हती. एकाच आईची दोन मुलं, एक ट्रीटमेंटचं आणि एक तसंच राहिलेलं, अशी तुलना केली की फरक बराच कमी होतो, म्हणजे काही भाग मूळ कारणाचा असतो, लॅबचा नाही. आणि "दुप्पट धोका" वाचलंत तर विचारा कशाच्या दुप्पट, शंभरात एकाचे दोन झाले तरी अठ्ठ्याण्णव जणी ठीकच असतात.

एम्ब्रियो लगेच सोडलेलं (फ्रेश) की गोठवून नंतर सोडलेलं (फ्रोजन) तेही बघा, फ्रेशमध्ये बाळ थोडं लहान भरण्याकडे कल, फ्रोजनमध्ये थोडं मोठं, आणि गोळ्यांवर गर्भाशयाचं अस्तर तयार करून केलेल्या फ्रोजन सायकलमध्ये बीपीचा त्रास जास्त दिसतो. एग (स्त्रीबीज) डोनरचं, म्हणजे दुसऱ्या बाईचं, असेल तरी बीपीचं तेच, म्हणून बीपी नियमित मोजून घ्या आणि ॲस्पिरिनचा कमी डोस लागेल का हे तीन महिने भरायच्या आतच विचारा, स्वतःहून सुरू करू नका.

आता तारीख. पाळीवरून मोजत बसू नका, पाच दिवसांचं एम्ब्रियो असेल तर ट्रान्सफरच्या तारखेत २६१ दिवस मिळवा, तीन दिवसांचं असेल तर २६३. ट्रान्सफरच्या दिवशीच तुम्ही २ आठवडे ५ दिवसांच्या गरोदर धरल्या जाता (पाच दिवसवालं असेल तर), हे ऐकून सगळ्याच हसतात. साधारण सहा-सात आठवड्यांची सोनोग्राफी चुकवू नका, एम्ब्रियो गर्भाशयात सोडलेलं असलं तरी क्वचित नळीत जाऊन रुजतं. प्रोजेस्टेरॉन (गर्भ टिकायला देतात ते हार्मोन) डॉक्टर सांगेपर्यंत चालू ठेवा.

आणि स्क्रीनिंग टेस्टच्या (बाळाला डाऊन सिंड्रोमसारख्या दोषाची शक्यता किती ते सांगणारी टेस्ट) फॉर्मवर आयव्हीएफ लिहायला लाजू नका, एग काढलं तेव्हाचं वय लिहा, डोनर असेल तर डोनरचं, नाहीतर रिपोर्टच चुकीचा येईल.