लघवी थांबत नाही म्हणून पाणी तोडू नका: आई-आजीच्या या चुका टाळा

एस.टी.नं कुठं जायचं असलं की आजी सकाळपासून पाण्याला शिवत नाही. कीर्तनात दाराशी बसते. लग्नाला 'गुडघे दुखतात' म्हणून येतच नाही. खोकलं की लघवी सुटते, किंवा लागली की मोरी गाठेस्तोवर लुगडं ओलं होतं, हे ती आपणहून सांगणार नाही. तुम्ही लेक किंवा सून असाल तर तुम्हीच विचारा, एकटीला गाठून.

सगळ्यांत घातक चूक पाणी तोडण्याची. रानात आडोसा नसतो, म्हणून ही सवय तरुणपणीच लागलेली असते. पण पाणी कमी पडलं की लघवी गडद होते, मूत्राशयाला झोंबते आणि उलट सारखी लागते. जंतुसंसर्गाला वाव मिळतो. शौचाला खडा होतो, आणि कुंथून कुंथून बाळंतपणांनी सैल पडलेले ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आणखी सैल होतात. जे टळावं म्हणून तहान मारली, तेच वाढतं. लघवी फिकी राहील इतकं पाणी दिवसभर थोडं थोडं प्यायला द्या. निजायच्या आधी दोनेक तास हात आखडा. (हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच.) तोडायचाच तर चहा तोडा.

'चार बाळंतपणं झाली, आता असंच चालायचं' हेही खरं नाही. आर्नोल्ड केगेल या डॉक्टरांनी १९४८ साली मांडलेला व्यायाम आजही पहिला उपाय आहे. वारा सरू नये म्हणून आपण आतून आवळतो, तसं पाच मोजेपर्यंत आवळायचं, तेवढाच वेळ सैल सोडायचं. दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास कोंडायचा नाही. लघवीची धार मध्येच अडवून रोज सराव करू नये, मूत्राशय पुरतं रिकामं होत नाही. गुण यायला तीनेक महिने लागतात आणि बऱ्याच जणी त्याआधीच सोडतात, म्हणून सोबत तुम्हीही करा. चुलीच्या धुरानं जुना खोकला जडला असेल तर त्याचंही औषध हवं. प्रत्येक ढासेसरशी गळतं.

जुन्या लुगड्याची सुती घडी वापरण्यात काही वाईट नाही. वाईट आहे ती ओली घडी तशीच ठेवणं आणि धुतल्यावर लाजेनं दुसऱ्या कपड्याखाली वाळत घालणं. उन्हात, उघड्यावर वाळू द्या. मांड्या कातरल्या असतील तर धुऊन, कोरडं करून खोबरेल लावा.

'पिशवी काढली की सुटका' असं कुणी सांगितलं तर थांबा. लघवी मूत्राशयातून येते. नुसती गर्भपिशवी काढून गळणं बरं होत नाही. बीडच्या ऊसतोड बायकांच्या अशा शस्त्रक्रियांवर २०१९ साली राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली होती. अंग बाहेर येत असेल (गर्भपिशवी खाली सरकून योनीतून बाहेर डोकावत असेल) तर आत बसवायची रिंगही मिळते, तिच्याबद्दल विचारा.

रात्री खाटेजवळ झाकणाचं भांडं आणि बॅटरी ठेवा. अंधारात घाईनं उठून खुबा मोडतो.

लघवीत रक्त, ताप, लघवी तुंबणं किंवा एकाएकी सुरू झालेला त्रास असेल तर दिवस काढू नका. एरवीही साखर आणि लघवी तपासून घ्या, चालू गोळ्या दाखवा. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते. दवाखान्यात समोर पुरुष डॉक्टर दिसला की ती 'अशक्तपणा आहे' एवढंच बोलून उठेल. म्हणून तीन दिवस किती पाणी प्यायली, किती वेळा गेली, कधी सुटली हे कागदावर लिहा आणि तो कागद डॉक्टरांच्या हातात द्या.