मोबाइलवर शूट केलेला व्हिडिओ सुधारताना या चुका टाळा

व्हिडिओ ‘जरा छान करूया’ म्हणून एडिटिंगला बसायचं आणि तासाभराने मूळ क्लिपच बरी होती असं वाटायचं, हा प्रकार नेहमीचा आहे. फोन शूटिंग चालू असतानाच व्हिडिओ कॉम्प्रेस करून साठवत असतो. त्यात जे टिपलंच गेलं नाही ते कुठल्याही स्लायडरने उगवत नाही. हातात आहे ते नीट दाखवणं एवढंच आपल्याला जमतं, आणि खालच्या बहुतेक चुका हातातलंही घालवतात.

मुळात फाइलच चुकीची

सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं, आणि एडिटिंग सुरू होण्याआधीच. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला व्हिडिओ पुन्हा कॉम्प्रेस होऊन पोचतो. ‘एचडी’ निवडलं तरी तो मूळ फाइलइतका राहत नाही. ज्याच्या फोनवर शूट झालंय त्याला ती क्लिप ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, किंवा ड्राइव्हची लिंक, केबल, एअरड्रॉप यांपैकी काहीही चालेल. गूगल फोटोजमध्ये बॅकअपला ‘स्टोरेज सेव्हर’ लावलेलं असेल तर तिथून परत उतरवलेली प्रतही मूळ नसते. १०८०पीपेक्षा मोठे व्हिडिओ तिथे १०८०पीवर आणले जातात.

खात्री करायची तर गॅलरीत क्लिपचे तपशील उघडून साइज बघा. आयफोनवर एचईव्हीसी या कमी जागा घेणाऱ्या फॉरमॅटमधलं १०८०पी, सेकंदाला ३० फ्रेमचं एक मिनिट साधारण ६० एमबी होतं. तुमची एक मिनिटाची क्लिप पाच-सात एमबीची असेल तर ती मूळ फाइल नाही. तिच्यावर घालवलेला वेळ वायाच जाणार.

एका ॲपमधून दुसऱ्या ॲपमध्ये

एका ॲपमध्ये कापाकापी, दुसऱ्यात रंग, तिसऱ्यात अक्षरं, आणि प्रत्येक वेळी एक्सपोर्ट. दर एक्सपोर्टला व्हिडिओ नव्याने कॉम्प्रेस होतो आणि बारीक तपशील थोडे थोडे पुसले जातात. केस, गवत, पाणी, पाऊस अशा ठिकाणी ते आधी दिसतं. शक्यतो सगळं काम एकाच ॲपमध्ये करा आणि एक्सपोर्ट शेवटी एकदाच. ॲप बदलावंच लागलं तर मधला एक्सपोर्ट मिळेल तेवढ्या जास्त बिटरेटवर (म्हणजे दर सेकंदाला जास्त डेटा वापरून) काढा.

४केचा मोह

१०८०पीच्या एका फ्रेममध्ये साधारण २० लाख पिक्सेल असतात, ४केमध्ये ८० लाखांच्या वर. १०८०पीची क्लिप ४केमध्ये एक्सपोर्ट केली की उरलेले ६० लाख ॲप अंदाजाने भरतं. फाइल जड होते, तपशील तेवढेच राहतात. याला एक अपवाद आहे: यूट्यूब ४के अपलोडला जास्त बिटरेट देतं, त्यामुळे तिथे टाकायच्या व्हिडिओसाठी काही जण मुद्दाम असं करतात. त्यात तथ्य आहे. बाकी ठिकाणी शूट केलेलं रिझोल्यूशन आणि फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम) तसेच ठेवा.

लक्ष द्यायचं ते बिटरेटकडे. ॲपमध्ये तो ‘क्वालिटी’ किंवा ‘रेकमेंडेड’ अशा नावाआड लपलेला असतो. यूट्यूब १०८०पी, ३० फ्रेमसाठी ८ एमबीपीएस (सेकंदाला ८ मेगाबिट) सुचवतं. हालचाल जास्त असेल तर मी त्याहून बराच वर ठेवेन.

अंधार उजळवताना

बहुतेक फोन साध्या मोडमध्ये ८-बिट व्हिडिओ साठवतात, म्हणजे प्रत्येक रंगाच्या फक्त २५६ पायऱ्या. काळोख्या भागात त्यातल्या मोजक्याच वापरलेल्या असतात. ब्राइटनेस जोरात ओढला की त्या पायऱ्या एकमेकींपासून फाकतात. आकाशात किंवा भिंतीवर पट्टे दिसू लागतात आणि सावलीतले दाणे (नॉइज) वळवळतात. म्हणून सरसकट ब्राइटनेस वाढवण्यापेक्षा ‘शॅडोज’ थोडं उचला, आणि सगळ्यात गडद भाग गडदच राहू द्या. पूर्ण पांढरी पडलेली खिडकी मात्र विसरा. तिथे माहितीच नाही.

क्रमही महत्त्वाचा आहे. दाणे आधी कमी करायचे, मग उजेड आणि व्हाइट बॅलन्स, मग रंग, आणि शार्पनिंग सगळ्यात शेवटी, तेही नावापुरतं. फोनने आधीच शार्पनिंग केलेलं असतं. आणखी वाढवलं की माणसांच्या कडेने पांढरी रेघ उमटते. दाणे काढण्याचा अतिरेक केला तर चेहरे मेणाचे दिसतात.

हे सगळं करताना फोनचा नाइट लाइट किंवा ट्रू टोन बंद ठेवा. पिवळट स्क्रीनवर जुळवलेले रंग दुसऱ्याच्या फोनवर निळे दिसतात.

रंग फिके किंवा भगभगीत दिसतात

दोष तुमच्या एडिटिंगचा नसेलही. २०२० च्या आयफोन १२ पासून आयफोन डॉल्बी व्हिजन एचडीआरमध्ये, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला साठवणाऱ्या प्रकारात, शूट करू शकतात, आणि बरेच अँड्रॉइड फोनही एचडीआर देतात. एडिटिंग ॲपला एचडीआर नीट कळत नसेल तर रंग धुतल्यासारखे दिसतात. अशा वेळी सॅच्युरेशन वाढवत बसू नका. ॲपमध्ये एसडीआरमध्ये, म्हणजे नेहमीच्या साध्या प्रकारात, बदलण्याची सोय शोधा आणि ते झाल्यावरच रंगांना हात लावा.

स्थिर केलं, तरी पुसट

स्टॅबिलायझेशन फ्रेमचा हलता भाग कापून चित्र जागेवर आणतं, त्यामुळे कडा जातात. पण हात हलल्यामुळे प्रत्येक फ्रेममध्ये आलेला पुसटपणा तसाच उरतो. कमी उजेडातल्या क्लिपमध्ये तर चित्र स्थिर आणि तरी मधूनमधून धूसर, असं विचित्र दिसतं. तिथे थोडा हलता व्हिडिओच बरा.

एआय एन्हान्सर वापरताना चेहरे आणि अक्षरं थांबवून तपासा. लहान, पुसट चेहऱ्यांना ही साधनं स्वतःच्या अंदाजाने नाकडोळे बसवतात. पाट्यांवरच्या अक्षरांचंही तेच.

आवाज हळूहळू मागे-पुढे होतो

सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, पाच मिनिटांनी जुळत नाहीत. फोन उजेडाप्रमाणे फ्रेम रेट किंचित बदलत राहतो, आणि कंप्युटरवरची काही एडिटिंग सॉफ्टवेअर तो स्थिर धरून चालतात. आवाज कापून सरकवत बसण्यापेक्षा क्लिप आधी हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून ‘कॉन्स्टंट फ्रेम रेट’ निवडून काढा. इथे एक जादा एक्सपोर्ट पत्करावा लागतो. क्वालिटी जास्त ठेवली तर फरक डोळ्यांना जाणवत नाही.