स्वर्गातील संपत्ती साठवू पाहणाऱ्यांनी घरखर्चाची मर्यादा कशी आखावी

डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशू कसर, जंग आणि चोर या तिघांची आठवण देऊन पृथ्वीवर संपत्ती साठवू नका असे बजावतो, आणि जेथे आपले धन असते तेथेच आपले मन लागते असे सांगतो (मत्तय ६:१९–२१). यातील क्रम आपल्या नजरेतून निसटतो. आधी मन स्वर्गाकडे वळेल आणि मग हात सैल होईल, असे येथे म्हटलेले नाही. धन जेथे ठेवाल तेथे मन मागून येईल, असे म्हटले आहे. म्हणून मनाची तयारी होईपर्यंत थांबू नये. पैशापासूनच आरंभ करावा.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट असावी. तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेने मिळते, दानाने नव्हे (इफिस. २:८–९). प्रतिफळाचा, म्हणजे देवाकडून मिळणाऱ्या मोबदल्याचा, विषय त्यानंतरचा आहे. ख्रिस्त या पायावर कोणी सोन्यारुप्याने बांधतो, तर कोणी लाकूड, गवत, पेंढा वापरतो, अग्नीने परीक्षा झाल्यावर ज्याचे काम टिकते त्याला प्रतिफळ मिळते, आणि ज्याचे जळून जाते त्याचे नुकसान होते, तरी तो स्वतः तारला जातो, असे प्रेषित पौल लिहितो (१ करिंथ. ३:११–१५).

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून संन्यस्त वृत्तीचे जीवन पत्करले. तसे पाचारण प्रत्येकाला नसते. संसारी माणसाला अधिक उपयोगी पडेल असा दाखला मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचा संस्थापक, इंग्रज धर्मोपदेशक जॉन वेस्ली याच्या एका प्रवचनात आहे. ऑक्सफर्डमधील एका तरुण मेथडिस्टाचे वार्षिक उत्पन्न ३० पौंड होते. तो २८ पौंडांत राहिला आणि उरलेले २ त्याने दिले. पुढील वर्षांत उत्पन्न ६०, ९० आणि १२० पौंड झाले, तरी त्याचा खर्च २८ पौंडच राहिला आणि दान ३२, ६२ व ९२ पौंडांपर्यंत वाढत गेले. महागाई, मुलांचे शिक्षण आणि आजारपण यांमुळे आपल्या खर्चाचा आकडा कायम स्थिर राहणार नाही, हे मान्य आहे. परंतु मर्यादा गरजेनुसार वाढणे आणि पगारानुसार वाढणे यांत फार मोठे अंतर आहे. माझ्या मते या शिकवणीची खरी कसोटी येथेच लागते, कारण दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, देऊनही उरलेल्या नऊ भागांत अपरंपार हव्यास सुखाने नांदू शकतो.

म्हणून मागील तीन महिन्यांचा खर्च पती-पत्नींनी एकत्र बसून लिहून काढावा आणि घर सन्मानाने चालेल असा मासिक आकडा ठरवावा. कर्जाचा हप्ता आणि वृद्ध आईवडिलांचा सांभाळ त्यात आधीच धरावा; देवाला वाहिले आहे असे सांगून आईवडिलांना वंचित ठेवणाऱ्यांना येशूने कठोर शब्दांत दोष दिला आहे (मार्क ७:९–१३). दानाची रक्कम पैसे हाती येताच बाजूला काढावी, पौलानेही करिंथच्या मंडळीला, म्हणजे तेथील ख्रिस्ती समुदायाला, आठवड्याच्या पहिल्या दिवशी काही बाजूला ठेवण्यास सांगितले होते (१ करिंथ. १६:२). महिनाअखेर जे उरेल ते देऊ असे म्हणणाऱ्याकडे बहुधा काहीच उरत नाही.

या रकमेचा एक भाग मंडळीच्या दानपेटीत जावा आणि एक भाग अशा माणसाला मिळावा जो परतफेड करू शकत नाही: शेजारची विधवा, फी थकलेला विद्यार्थी, रुग्णालयात अडकलेले कुटुंब. येथे गुप्तता पाळावी. नाव वाचून दाखवले जावे या अपेक्षेने दिलेल्या दानाचे प्रतिफळ तेथेच मिळून चुकलेले असते (मत्तय ६:१–४). घेणाऱ्याचे नाव तर आपल्या मुलांसमोरही उच्चारू नये, कारण त्याची मुले कदाचित त्यांच्याच संडे स्कूलमध्ये येत असतील.

पगारवाढीची बातमी येईल त्या दिवशी, काहीही खरेदी करण्यापूर्वी, तो मासिक आकडा पुन्हा समोर घ्यावा. त्यात बदल करावयाचा असल्यास कारण लिहून ठेवावे आणि दोघांनी प्रार्थनापूर्वक ते मान्य करावे. कारण लिहिता आले नाही, तर वाढलेली सर्व रक्कम दानाच्या बाजूला टाकावी.