चवथीच्या भेटीचे रेझिन बोर्ड: तयारी मे महिन्यातच

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, नातेवाइकांकडे हाताने केलेलं काहीतरी न्यायचं मनात असेल आणि ते लाकडी कटिंग बोर्डावरचं रेझिनचं (दोन द्रव मिसळून घट्ट होणाऱ्या इपॉक्सीचं) काम असेल, तर श्रावणात सुरुवात करून भागत नाही. एप्रिलमध्ये लाकूड आणा, मेमध्ये रेझिन ओता आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस गोव्यात येऊन थडकण्याआधी बोर्ड कपाटात जाऊ द्या. मी एकदा जुलैत, फोंड्याच्या घरी, भर पावसात ओतले होते. रात्री झकास दिसणारा निळा समुद्र सकाळी पांढुरका पडला होता आणि बोटाला मेणचट लागत होता. हार्डनरमधल्या, म्हणजे रेझिन घट्ट करणाऱ्या दुसऱ्या द्रवातल्या, अमाइन रसायनांचा हवेतल्या बाष्पाशी आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन असा थर येतो. कोमट साबणाच्या पाण्याने घासून धुतलं, वाळवलं, पॉलिश पेपर मारला आणि वरून दुसरा हात दिला, तेव्हा कुठे ते बोर्ड वाचले.

म्हणून यादीत पहिलं येतं ते कोरडं लाकूड. फणसाचं मिळालं तर मला त्याहून चांगलं काही वाटत नाही. ताजं असताना पिवळंधमक असतं आणि वर्षागणिक तपकिरी होत जातं. सागवानही छान, पण त्यात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे रेझिन धरत नाही. ओतण्याच्या जरा आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यावं लागतं. आंब्याचं स्वस्त पडतं, फक्त किडीची भोकं नीट पाहून घ्या. सुताराकडून १२ बाय ८ इंचांचे, पाऊण इंच जाडीचे तुकडे रंधून आणा आणि घरात, भिंतीपासून लांब, मध्ये पट्ट्या ठेवून रचा. लाकडातली ओल १२ टक्क्यांच्या खाली हवी. मीटर नसेल तर स्वयंपाकघरातला काटा पुरतो: दर तीन-चार दिवसांनी बोर्ड तोला, वजन उतरायचं थांबलं की हवेला जेवढं सुकवता येतं तेवढं ते सुकलं. आपल्याकडच्या दमट हवेत तेवढ्यावर थांबू नका, शेवटचे काही दिवस एसी चालणाऱ्या खोलीत ठेवा आणि ओतायचंही त्याच खोलीत.

रेझिन किती घ्यायचं हे ओतण्याआधी कागदावर मांडा, कारण वस्तू महाग आहे. बोर्डाच्या एका टोकाला ३ इंचांचा पट्टा धरला तर साडेसात सेंटिमीटर गुणिले वीस सेंटिमीटर, जाडी तीन मिलिमीटर, म्हणजे ४५ मिलिलिटर. त्यात लाकडाची छिद्रं बुजवणारा पहिला पातळ हात, पांढऱ्या लाटेसाठी वेगळं काढायचं आणि कपाला चिकटून राहणारं मिळवा. एका बोर्डाला ७५ मिलिलिटर धरा. बाटलीवर २:१ लिहिलं असेल तर रेझिन ५० आणि हार्डनर २५. ते प्रमाण मापाचं की वजनाचं, हे नक्की वाचा. हार्डनर रेझिनपेक्षा हलका असतो, त्यामुळे मापाचं प्रमाण काट्यावर घेतलं की हार्डनर जास्त पडतो आणि थर कधीच नीट कडक होत नाही. अराल्डाइटच्या दोन ट्यूबा अंदाजाने दाबायची आपल्याला सवय असते. रसायन त्याच कुळातलं असलं तरी इथे अंदाज चालत नाही.

आता हाताशी ठेवायच्या वस्तू. मापाच्या खुणा असलेले कप, ढवळायला चपट्या काड्या, मास्किंग टेप, पाणसळ, ८०, १२० आणि १८० नंबरचे पॉलिश पेपर, बुडबुडे फोडायला हीट गन, चकाकी देणारी मायका पावडर, पांढरं पिगमेंट, टेबलावर पसरायला जाड प्लास्टिक. हातमोजे नायट्राइलचेच घ्या. न वाळलेलं रेझिन पुन्हा पुन्हा कातडीला लागलं तर अॅलर्जी बसू शकते आणि ती सहसा जन्मभर जात नाही, म्हणून मुलांना या खोलीत मी येऊ देत नाही. धुळीचा साधा मास्क वाफ अडवत नाही. सेंद्रिय वाफेचं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. पॉलिश पेपर मारताना मात्र धुळीचा मास्क हवाच. जुना, लांब बाह्यांचा सदरा काढून ठेवा.

रंगांबद्दल माझं मत सांगते. बाजारात दिसणारे बहुतेक बोर्ड एकाच फिरोजी निळ्याचे असतात. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर भरपावसात उभं राहून पाहा, पाणी मातकट असतं आणि फेस मळलेला. जांभ्या दगडाचा तांबडा, खाजनातल्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या) शेताचा हिरवा, मांडवी नदीचा करडा असे रंग आधी एखाद्या फळकुटावर मिसळून पाहा. पिगमेंट एकूण मिश्रणाच्या पाच टक्क्यांच्या आतच ठेवा. जास्त झालं की रेझिन मऊ राहतं.

रेझिन कुठवर येणार याची रेघ पेन्सिलीने आधीच मारून घ्या. सुरी चालते ती जागा उघडं लाकूडच राहू द्या. बाटलीवर ‘फूड सेफ’ लिहिलेलं असतं, पण ते अचूक प्रमाणात मिसळून पूर्ण वाळलेल्या थरापुरतं खरं. सुरीने त्यावर ओरखडे उठतात आणि बारीक कण अन्नात जाऊ शकतात. पट्टा मुठीकडे ठेवला की दुसऱ्या टोकाला पोयी (गोव्याचा पाव), चोरीस (डुकराच्या मांसाचं सॉसेज), चीज सगळं मांडता येतं. कडेखाली टेप लावा, नाहीतर खाली ओघळून थेंब वाळतात.

ओतायची वेळ संध्याकाळची धरा. सकाळी लाकूड तापत जातं, आतली हवा फुगून वर येते आणि बुडबुडे संपतच नाहीत. संध्याकाळी निवताना उलटं होतं. तीन ते पाच मिनिटं सावकाश ढवळा, कपाच्या कडा आणि तळ खरवडा, मग दुसऱ्या कपात ओतून पुन्हा ढवळा. उकाड्यात मिश्रण फार लवकर घट्ट होतं, म्हणून एका वेळी दोनच बोर्ड घ्या आणि उरलेलं कपात साठवू नका. साठलं की इतकं तापतं की धूर निघतो. मोरीत तर मुळीच ओतू नका. पंखा बंद ठेवा. वर झाकायला खोके तयार असू द्या, पहिल्या सरीच्या सुमारास पंखवाले किडे दिव्यावर येतात आणि एक जरी पडला तरी पट्टा वाया जातो.

टेप चार ते सहा तासांनी, रेझिन रबरासारखं असताना काढा. तीन दिवसांनी उघड्या लाकडावर औषधांच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन चोळा. स्वयंपाकाचं तेल कालांतराने खवट होतं. खाण्याच्या वापराआधी निदान आठवडाभर जाऊ द्या. बाल्कांवात (घरापुढच्या ओट्यावर) उन्हात सुकवायला ठेवू नका, रेझिन पिवळं पडतं. बोर्डासोबत एक चिठ्ठी लिहून ठेवा: गरम भांडं ठेवू नये, पाण्यात भिजत घालू नये. बांधताना मधे साधा कागद घाला. बुडबुड्यांचं प्लास्टिक नव्या रेझिनला गुंडाळलं की त्याचे गोल ठसे उमटतात आणि पॉलिश पेपर हातात घेऊन पुन्हा बसावं लागतं.