‘द लास्ट ऑफ इंग्लंड’ची अर्ध्या मापाची अभ्यासप्रत

इंग्लिश चित्रकार फोर्ड मॅडॉक्स ब्राउन यांचं हे १८५५चं तैलचित्र बर्मिंगहॅमच्या संग्रहालयात आहे. मूर्तिकार थॉमस वूल्नर १८५२मध्ये ऑस्ट्रेलियाला निघाले, त्यावरून ते सुचलं. देश सोडणाऱ्या जोडप्यासाठी ब्राउन यांनी स्वतःला आणि पत्नी एमाला समोर ठेवलं.

मूळ चित्र लाकडी फळीवर, ८२.५ × ७५ सेंमी, जवळजवळ गोल. कॅनव्हासच्या विणीत बारीक काम बुजतं, म्हणून प्रतीसाठीही फळीच घ्या. जेसोचे (रंगाखाली द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे) तीन पातळ थर द्या, प्रत्येक थर वाळला की पॉलिश पेपरने घासा. अर्ध्या मापाच्या अंडाकृतीसाठी उभ्या मध्यरेषेवर (लांबी त्या दिशेला आहे) १७.२ सेंमी अंतरावर दोन टाचण्या टोचा. गाठ मारल्यावर ५८.४ सेंमी भरेल असा दोऱ्याचा वेढा त्यांच्याभोवती टाका आणि पेन्सिलीने ताणून फिरवा. दोरा ताणला जाणारा नको, आकार बिघडतो.

बहुतेक प्रती उजेडात फसतात. समुद्रावरच्या ढगाळ दिवशी उजेड चहूबाजूंनी येतो. तो तसाच मिळावा म्हणून ब्राउन यांनी बरंचसं काम उघड्यावर, मळभ असताना केलं. त्वचा तर थंडीच्या दिवसांत रंगवली. म्हणून चेहऱ्याची एक बाजू काळोखी करू नका. गालांवर लालसर आणि पुरुषाच्या हातावर निळसर छटा हवी. पिवळट त्वचा आली की गारठा गेला, आणि चित्रही गेलं.

बॉनेटच्या (बाईच्या टोपीच्या) फिती घाईने उरकू नका, ब्राउन यांना त्यांनाच चार आठवडे लागले. आधी घड्या पांढऱ्या-राखाडीत पूर्ण करा, थर नीट वाळू द्या, मग क्विनाक्रिडोन रोझ या गुलाबी रंगाचा पारदर्शक थर चढवा. अलिझरिन क्रिमझन हा लाल रंग नको, तो उजेडात फिकटतो. खालचा थर ओला असेल तर दोन्ही थर मिसळून रंग खडूसारखा गुलाबी होतो.

हात सर्वांत शेवटी. हातमोज्यातला तिचा हात नवऱ्याच्या हातात आहे, आणि शालीच्या घडीत तान्ह्याची इवलीशी मूठ. बाळ आहे हे त्या मुठीवरूनच कळतं, तेव्हा शाल मुठीभोवती मऊ आणि गडद ठेवा. कठड्याच्या जाळीला टांगलेले कोबीही गाळू नका. लांबच्या प्रवासाची शिधासामग्री तिथेच दिसते.